तिनं न सांगितलेला चेहरा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तिचे दीर नामदेवकाका पलीकडून म्हणाले, "वयनी गेल्या. झोपीतच गेल्या." फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की झोपेतलं मरण या बाईला अजिबात शोभत नाही. तिनं माणसाच्या हाताला कडकडून चावा घेतला होता, सख्ख्या दिराला जळतं लाकूड हाणलं होतं आणि एकदा साहेबांदेखत एकाचं नाक फोडलं होतं. का, ते गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोयाबीनची पोती ट्रॅक्टरवर घालून तिघं मेडशीकडे निघाले होते. काका चालवत होते, मावसाजी, म्हणजे मावशीचा नवरा, त्यांच्या शेजारी, मावशी मागं ट्रॉलीत पोत्यांवर. वळणावर एका मोटरसायकलवाल्याला ट्रॉली घासून गेली. खरचटलंसुद्धा नव्हतं त्याला. शिवीगाळ झाली, मावसाजी समजूत घालायला खाली उतरले, आणि त्या माणसानं ट्रॅक्टरवरचीच टॉमी, चाक खोलायचा लोखंडी दांडा, उचलून त्यांच्या डोक्यात घातली. ते पडल्यावरही तो मारत राहिला. मावशी उडी टाकून धावली, तेव्हा त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं... टॉमी फेकली आणि गाडी काढून गेला. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही. मावसाजी तिथेच, तिच्या मांडीवर गेले.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला आलेला माणूस टेकला की आधी विचारतो, "कसं झालं?" आणि घरच्यांनी दरवेळी ते पहिल्यापासून सांगायचं असतं. ते काम काकांकडे आलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "तोंड नीट दिसलंच नाई बाप्पा, मी स्टेरिंगवर व्हतो." पण येणारा विचारायचा, डोळे कसे व्हते, दाढी व्हती का. काका आठवायला लागायचे, काहीतरी सापडायचं, आणि पुढच्याला सांगताना ते पक्कं व्हायचं. तेरवीपर्यंत घारे डोळे, राखलेली दाढी आणि गालावर व्रण असा अख्खा माणूस तयार झाला होता. काका लबाड नव्हते. त्यांना तो खरोखरच तसा दिसायला लागला होता.

मावशीनं मात्र पोलिसांना घडलेलं सगळं सांगितलं, फक्त चेहरा सांगितला नाही. "दाखवा, वळखीन," एवढंच. बायका कुजबुजू लागल्या, की हिला कुणीतरी धाक घातला आहे. मी त्या दिवसांत तिच्याकडेच राहायला होते; मलाही राग आला. एका दुपारी मी विचारलंच, "काहून बोलत नाईस वं मावशी?"

"माह्या बाल्याचं तोंड सांग मले," ती म्हणाली. बाल्या तिचा एकुलता एक मुलगा, माझ्या जन्माआधीच तापानं गेलेला. त्याचा फोटो नव्हता. "तू कशी सांगशीन? मलेच येत नाई. आल्यागेल्याले सांगत बसली मी, गोरा व्हता, कुरळे केस व्हते, हासला का खळी पडे. आता डोये मिटले का तेवढंच येते. माहा बाल्या येत नाई." मग पुढे म्हणाली, "याचं तसं नाई होऊ देत. बोलली का जाईन तो. पोराचं तोंड जपता आलं नाई, अन् या मुडद्याचं जपून राह्यली मी." मी उठून मोरीवर गेले आणि उगाच घासलेली भांडी पुन्हा घासली.

काही दिवसांनी इंझोरीकडचा एक माणूस हरभऱ्याच्या पेरणीला मजुरीवर आला. घारे डोळे, दाढी, गालावर व्रण. काका ओरडले, "हाच तो." त्याला कडुलिंबाला बांधला. लाथा, पट्टे, चपला, ज्याच्या हाती जे लागलं ते. त्याचे दात मातीत पडलेले मी पाहिले. सगळ्यात जोरात काका मारत होते, आणि रडत होते. मावशी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावली, ते काकांच्या मनगटावर हाणलं, दोर धरणाऱ्याच्या हाताला चावली आणि त्या माणसाला पाठीशी घालून उभी राहिली.

"हा नव्हे."

"मंग कसा व्हता, सांग ना," सगळे अंगावर आले. सांगितलं असतं तर तो तिथेच सुटला असता. तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. "हा नव्हे. माराचं असन तं आंधी मले मारा." दोन-तीन फटके तिला बसलेही. पोलिस येईपर्यंत ती हलली नाही. तो माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

खरा सापडला तो कारंजा शहरात, दुसऱ्याच हाणामारीत; आमच्याकडच्या खुनाचाही पोलिसांना त्याच्यावर संशय आला. ओळख परेडला काकांनी भलत्याच एका घाऱ्या माणसावर बोट ठेवलं. मावशी आत गेली, रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि एकासमोर जाऊन त्याच्या नाकावर असा गुद्दा हाणला की रक्ताची धार लागली. साहेब तिच्यावर खूप ओरडले म्हणे. कोर्टात मी त्याला पाहिलं. घारा नाही, दाढी नाही, व्रण नाही. पुढे पुरावेही जुळले आणि त्याला शिक्षा झाली.

आणि मग मावशी बोलायला लागली. ओसरीत बसून भाजीवालीला, वायरमनला, रस्ता विचारायला थांबलेल्याला ती तो चेहरा सांगायची, अगदी नाकपुड्यांपर्यंत. लोक कंटाळले. बाई भ्रमिष्ट झाली म्हणाले. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "अजून दिसतो का वं तो?" तिनं डोळे मिटले. "भुवया जुळलेल्या, नाक बसकं, खालचा ओठ जाड." पाढे म्हणावेत तसं म्हणाली आणि हसली. "येवढंच येते. गेला मुडदा." मावसाजींविषयी मात्र त्या ओसरीत तिनं कधी कुणाला एक शब्दही सांगितला नाही.

मावशी गेल्यावर, मागच्या आठवड्यात, मी त्याच ओसरीत बसले होते. दूरच्या नात्यातली एक बाई भेटायला आली. तिनं मावशीला कधी पाहिलं नव्हतं. पदर सावरून बसली आणि म्हणाली, "दिसाले कशी व्हती वं तुही मावशी?" मावशी त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होती, पूर्ण, जशीच्या तशी. मी चहा ठेवायला उठले.