लेकीचं लाल पाकीट
देवघराचा खण उघडला की उदबत्तीच्या वासासोबत ते लाल पाकीट दिसतं आणि सिंगापुरातल्या आमच्या बिशानच्या फ्लॅटमधली ती संध्याकाळ आठवते. तिथेच जन्मलेल्या माझ्या मुलीचा त्या दिवशी पहिला पगार झाला होता. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून ती थेट माझ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी तिने पाकीट पुढे धरलं. "बाबा, आता दर महिन्याला पगारातले पैसे देणार. माझ्या चायनीज मैत्रिणी सगळ्या घरी देतात, नॉर्मल लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मी हसून हात मागे घेतला. "अगं, लेकीचा पैसा घेत नाहीत आपल्यात." "दादाचा घेता ना?" स्वयंपाकघरात बायकोने गॅस बंद केला. मुलीचे हात तसेच पुढे होते. "मग मी कोण आहे या घरात?" ही पोर आपली राहिली नाही, अशी कुरकुर मी वर्षानुवर्षं केली होती. प्रसाद घ्यावा तशी मी ओंजळ पुढे केली. तिने पाकीट ठेवलं, तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पुढची पाकिटं घरखर्चात गेली. हे मात्र मी अजून उघडलेलं नाही. याला शिवण्याआधी मी आजही हात धुतो.