बदकं, बोटुकली आणि एकच जीप

"अहो डॉक्टर, तुमची बदकं मासं गिळत्यात. माझ्या डोळ्यांदेखत."

फोनवर बाळासाहेब ओरडत होते. ते हिंजवडीत, मी शनिवार पेठेत. फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

त्यांच्या वहिनी हौसाबाई. त्यांचं भाताचं खाचर आयटी पार्कच्या भिंतीला लागून, गावातलं शेवटचं. बाळासाहेबांना तिथे मुरूम टाकून कंपन्यांच्या बसचं पार्किंग करायचं होतं. घरात ठरलं होतं, यंदा भाताबरोबर मासे निघाले तर खाचर राहील. नाहीतर दसऱ्यानंतर मुरूम.

आणि ही आयडिया माझी. मी सरकारी पशुवैद्यक. भातात बदकं सोडली की ती तण, किडे, गोगलगायी खातात, पायांनी पाणी ढवळतात, वर फुकट खत देतात. त्याच पाण्यात मासे वाढतात. एवढा कष्टाळू स्टाफ मला अख्ख्या नोकरीत दुसरीकडे दिसला नाही. नियम एकच. माशांची पिल्लं, म्हणजे बोटुकली, वीतभर होईपर्यंत बदकांना त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. हे मीच ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगितलं होतं, हौसाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

मग दोन्ही एकाच दिवशी का सोडली? कारण जीप एकच, आणि ती कधी मिळेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. शिवाय आमचे साहेब म्हणाले, "भात, बदक, मासा, तिन्ही एका फोटोत पाहिजेत. रिपोर्टला लावायचाय."

आले तिन्ही.

निघालो. बदकाचं अंडं उबायला अठ्ठावीस दिवस लागतात. त्या दिवशीच्या ट्रॅफिकमध्ये एक बॅच सहज निघाली असती. पोचलो तर बाळासाहेब बांधावर, कानाला फोन, पलीकडे मुरूमवाला. एक बदक माझ्याकडे बघून निवांत ढेकर देत होतं. शप्पथ.

"वहिनी, संपलं तुमचं मत्स्यपालन," बाळासाहेब म्हणाले.

हौसाबाईंनी मला खुणावलं. खाचराच्या कोपऱ्यात माशांसाठी खोल खड्डा खणला होता, तिथे मला घेऊन गेल्या. वर आणि कडेनं बांबूला ताणून बांधलेली जुनी नायलॉनची साडी. एक टोक उचललं. खाली बोटुकलीच बोटुकली, पाणी दिसेना.

"फोटोपुरती दोन ओंजळी सोडली होती भातात," त्या म्हणाल्या. "बाकीची हितं हायेत."

बोटुकली वीतभर झाल्यावर त्यांनी खड्ड्यावरची साडी काढली. लोंबीत दाणा भरताना बदकं बाहेर काढली, नाहीतर भातही गेला असता. हे सांगायला मी फोन केला, तर बदकं आदल्या दिवशीच खुराड्यात. कापणीच्या आधी निघालेले मासे मगरीएवढे होते. बरं, मगरीच्या पिल्लाएवढे. बाळासाहेबांनी रस्सा तीनदा मागून घेतला आणि मुरूमवाल्याचा फोन उचलला नाही.

तेव्हापासून मी ट्रेनिंगमध्ये शेवटच्या रांगेत गप्प बसलेल्या बाईला आधी नमस्कार करतो.

त्या दिवशी रस्सा खाऊन निघताना मी विचारलं, "हौसाबाई, चूक कळली होती, तर सोडायच्या दिवशीच सांगायचं होतं की."

"तुम्ही फोटोत व्हता," त्या म्हणाल्या.