उस्तादांनी सोडलेली जागा

पदनाम: भाषा-मूल्यमापक (अरबी), श्रेणी दोन, हंगामी. कर्तव्ये: वाक्यातील रिकाम्या जागी संगणकाने सुचवलेले समानार्थी शब्द संदर्भास साजेसे आहेत किंवा कसे, हे पडताळून प्रत्येकी एक अथवा शून्य गुण देणे. वैयक्तिक मतास वाव नाही.

सदर पद भूषवणाऱ्या बाईंना जुन्या भाषांतर कचेरीत सगळे तक्रारबाई म्हणत. तक्रार त्यांनी जन्मात केली नव्हती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका अरबी पत्रातलं ‘तकरार नको’ वाचून त्यांनी ‘आमची तक्रार नाही’ असं भाषांतर ठोकून दिलं, आणि कचेरीनं गिऱ्हाइकाला आभाराचं पत्रही धाडलं. टेबलापलीकडे बसणारे थोरले भाषांतरकार, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “अहो बाई, अरबीत तकरार म्हणजे पुनरुक्ती. तोच मजकूर पुन्हा पाठवू नका, म्हणतोय तो.”

“एकच गोष्ट दहादा सांगितली की तक्रारच होते ती. माझ्या सासूबाईंना विचारा.”

उस्ताद इतके हसले की दौत कलंडली. शाईचा तो डाग मधे ठेवून दोघांनी बावीस वर्षं शब्दांचा कीस पाडला.

मग उस्ताद निवृत्त झाले. वर्षभरानं त्यांचं अरबीत पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं: ‘आपल्या त्या खोलीविषयी मला फार … वाटतं.’ एक शब्द लिहून खोडलेला, पुढे कोरी जागा. खाली मराठीत: ‘नेमका शब्द सापडेना. तुम्ही भरा आणि गुरुवारी घेऊन या.’

बुधवारी उस्ताद गेले.

अकरा वर्षं ती जागा कोरीच राहिली. शब्द बाईंना पहिल्याच दिवशी सुचला होता. पण चूक काढायला समोर माणूस नाही, तर लिहायचा कुणाच्या भरवशावर? घोडं तिथं अडलं होतं.

मग या नव्या नोकरीत एका दुपारी बाईंनी पत्रातलं ते वाक्य गुपचूप संगणकाला घातलं. पहिला शब्द आला: शौक. खोलीचा शौक! बाईंना हसू फुटलं. आपल्याकडे शौक असतो तो उंची कपड्यांचा. अरबीत मात्र शौक म्हणजे ओढ. त्यांनी पत्र खिडकीच्या उजेडात धरलं. उस्तादांनी खोडलेला शब्द तोच होता.

दुसरा शब्द आला: हनीन. मुळात दुरावलेल्या पिलासाठी सांडणीनं फोडलेला हंबरडा. “शौक भेटीनं फिटतो,” उस्ताद म्हणायचे, “हनीन भेटूनही उरतं.”

बाईंना सुचलेला शब्दही हाच.

शेजारची इंजिनिअर मुलगी वाकून बघायला लागली. “मावशी, अडलं का कुठं? मशीनला संदर्भ कमी पडतोय?”

“थोडासा. बावीस वर्षांचा.”

“मग दोन्हींना शून्य?”

“शौकला शून्य. हनीनला एक.”

“बरं, पुढचं घ्या ना. साडेपाचला फाईल बंद होते.”

बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि पत्रातल्या कोऱ्या जागी ‘हनीन’ लिहिलं. पेनानं नाही, उस्तादांना खोडायला सोपं जावं, ही जुनी सवय.

त्या दिवशी त्यांनी चारशे अकरा वाक्यं तपासली. अहवालात चारशे दहा आहेत.