तिखटाचा नैवेद्य

त्या दिवशी मी इतकी घाबरले होते की कुर्ल्या, म्हणजे खेकडे, साफ करताना नळसुद्धा बारीक सोडला होता. पाण्याच्या आवाजावरून कुणाला कळणार होतं, आत काय धुतलं जातंय ते! पण भीती माणसाला असं वेडं करते, दुसरं काय.

आमची डिलाईल रोडची चाळ नव्या बांधकामासाठी पाडली. आई आधी माझ्या भावाकडे राहिली, मग गौरी-गणपतीच्या तोंडावर दादरला माझ्याकडे आली, गौरीच्या मुखवट्यासकट. मी एकटी, भाड्याच्या दोन खोल्यांत. गौरी बसणार हे मालकीणबाईंना ठाऊक होतं, पण आई आल्याचं मी अजून सांगितलंही नव्हतं. घर देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नॉनव्हेज नाही ना?" मी म्हटलं, "छे छे!" माझं बोलणं शुद्ध, कॉलेजात समाजशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. मला आपल्यातलीच समजल्या, आणि मीही समजू दिलं. अकरा महिन्यांचा करार त्याच आठवड्यात संपत होता. तो वाढला नसता तर सत्तरीच्या आईला घेऊन मी कुठे जाणार होते?

आमच्याकडे गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य लागतो. वडे आणि कुर्ल्यांचं सांबारं. ती सासरहून आलेली लेक, माहेरवाशीण, तिला आवडीचं पोटभर वाढायचं, असं आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांत चालतं. मी आईला म्हटलं, "या वर्षी पुरणपोळी करूया ना गं. गौरी काय रागावणारे?"

"चेडवाक घराक बोलवूचा नि आवडीचा वाढूचा नाय?" आई म्हणाली. "तुका भ्या वाटता तर तू भायर बस. मी करतंय."

बाहेर बसतेय कसली! खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, अगरबत्तीचा अख्खा पुडा जाळला. वर्गात मी फळ्यावर दोन वर्तुळं काढते, एक 'आपण' आणि एक 'ते'. ताटावरून, वासावरून माणसं कशी बाहेर ठेवली जातात यावर तासभर बोलते, मुलं मुकाट लिहून घेतात. आणि घरी तीच बाई गुडघ्यांवर बसून दाराची फट बुजवत होती. मला माझीच लाज वाटली, पण टॉवेल काही मी काढला नाही.

आईने ताटात केळीचं पान ठेवून नैवेद्य वाढला, ताट गौरीपुढे ठेवलं, हात जोडले. तेवढ्यात बेल वाजली.

दाराच्या भिंगातून पाहिलं. मालकीणबाई! दार उघडलं नाही तर संशय, उघडलं तर संपलंच सगळं. टॉवेल पायाने बाजूला सारला आणि उघडलं.

"म्हटलं, तुमच्या गौरीची ओटी भरून येते. कराराचे कागदही आणलेत," त्या चप्पल काढता काढता म्हणाल्या. मग थांबल्या. "वास कसला येतोय हो?"



मागून आई आली. पदर कमरेला खोचलेला, हातात तेच ताट, वर दुसरं पान झाकलेलं.

"माझं जेवण आहे बाई," ती म्हणाली. "मी कामाला येते इथं. ताईंना न विचारता गरम केलं. चुकलं माझं."

जन्मभर घरात मालवणी बोललेली माझी आई त्या क्षणी माझ्यासारखं बोलली. मालकीणबाईंनी साडी आवरून तिला वाट दिली. आई बाहेर जाऊन जिन्यात बसली.

मला बोलायचं होतं. अहो, ती माझी आई आहे, एवढंच. देवाशप्पथ, ओठांवर आलं होतं. पण माझी नजर त्यांच्या हातातल्या कागदांवर होती.

गौरीपुढचा पाट रिकामा होता. मालकीणबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली, खुर्चीत बसून कागदांवर सही केली.

"त्या बाईला सांगून ठेवा हो, असलं घरात आणायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाकी विश्वासाची आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप वर्षांची आहे."

त्या गेल्या, तशी मी जिन्यात धावले. आई पायरीवर बसली होती, ताट मांडीवर, पान तसंच झाकलेलं. मला रडू आवरेना.

"खाल्लं नाहीस?"

"गौरीन अजून खय खाल्ल्यान?" ती म्हणाली. उठली, आत गेली, ताट पुन्हा गौरीपुढे ठेवलं आणि हात जोडले.

आणि मी दार लावलं, खाली वाकले, आणि टॉवेल पुन्हा फटीत कोंबला.