दोनशे बारा लिफ्ट आणि एक सही

माझी थोरली मावशी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सुट्या भागांचं कोठार सांभाळते. बावीस वर्षं झाली. स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहते आणि जिने चढून जाते. का, असं विचारलं तर म्हणते, "मला त्यांच्या आतलं माहीत आहे." हे ती गमतीने म्हणते की कसं, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

कोठार म्हणजे तळघरातली लांबट खोली. लोखंडी मांडण्या, ग्रीसचा वास, एका टोकाला जाळीची खिडकी. खिडकीच्या आत मावशी, बाहेर मेकॅनिक. चिठ्ठीशिवाय ती साधा स्क्रूही सोडत नाही, म्हणून माघारी ते तिला 'कुलूप' म्हणतात, तोंडावर ताई. तिच्या पाठीशी लाकडी खणांत दोनशे बारा कार्डं आहेत, दर लिफ्टचं एक. कार्डावर शाईने लिहिलेलं असतं ते लिफ्ट बनवणाऱ्यांनी सांगितलेलं: मोटर कोणती, ब्रेक कोणता, दाराचा रोलर कोणत्या मापाचा. शेजारी पेन्सिलीने असतं ते मेकॅनिकला प्रत्यक्ष आत उतरल्यावर दिसलेलं. 'दार बदललंय, जुना रोलर बसत नाही.' 'ब्रेक डावीकडून झिजतो, दोन महिन्यांनी बघा.' पेन्सिल अशासाठी, की पुढच्या खेपेला ते बदलू शकतं. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवला नव्हता. नवा मेकॅनिक आला की आठवड्याभरात त्याच्या अंगवळणी पडायचा.

मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर न्यायचं. मॅनेजर तीन ठिकाणी सिस्टीम बघून आला आणि त्यातली एक निवडली. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत तीच होती, शिवाय तिच्यातले आलेख रंगीत होते. तळघरात कुणी विचारायला आलं नाही. मग बाहेरची माणसं कार्डं टाइप करायला आली. पेन्सिलीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, "ते कच्चं असेल. सोडा." तो आधी जिथे होता तिथे पेन्सिलीचं कच्चंच असायचं. तीन आठवड्यांत काम उरकलं आणि जाळीच्या खिडकीशी कॉम्प्युटरचा पडदा येऊन बसला.

मावशीला तो आवडला होता, हे सांगायला हवं. तिचा अंगठा लिहून लिहून दुखतो. पहिले चार दिवस ती घरी येऊन पडद्याचं कौतुक करायची.

पाचव्या दिवशी 'शिडी' खिडकीशी आला. मेकॅनिकांतला हा सगळ्यात बुटका, म्हणून शिडी.

"ताई, हा रोलर परत घ्या. बसत नाही."

"दिला कुणी तुला?"

"तुमच्या पडद्याने."

पाच मजली इमारत होती. वरच्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीतल्या बाई राहायच्या. योग्य रोलर मिळेपर्यंत त्यांचे दोन दिवस घरातच गेले. मावशीने कार्ड काढलं. पेन्सिलीची ओळ तिथेच होती, शिडीच्याच अक्षरात, सहा वर्षांपूर्वीची. पडद्यावर ती नव्हती.

"स्वतः लिहिलेलं विसरलास?"

"लिहिलं की विसरायला मोकळा, ताई. म्हणून तर लिहितो."

तिने कार्डं आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायला घेतलं. पहिल्या साठात एक्केचाळीस चुकीची निघाली. खरं तर चुकीची नव्हती, अर्धीच होती. आणि ती अर्धी पडद्यावर इतकी नीटनेटकी दिसत होती की शंका यायला जागाच नव्हती.

गुरुवारी तिच्या टेबलावर एक फॉर्म आला. 'सर्व माहिती तपासली, ती पूर्ण व बरोबर आहे.' खाली कोठारप्रमुखाच्या सहीची रेघ. सही झाली की शनिवारी कार्डं रद्दीत जाणार होती.

घरी काका म्हणाले, "दीड वर्ष राहिलंय तुझं. करून टाक सही. सगळं जग न वाचता सही करतं."

"म्हणून सगळं जग दोन मजल्यांच्या मधे अडकतं," मावशी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शुक्रवारी तिला वर बोलावलं. मालक होते, मॅनेजर होता, मधे तो फॉर्म.

मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "ताई, बदलाला घाबरायचं नसतं."

"मी कशाला घाबरू? मला सिस्टीम हवीच आहे. अर्धी नको."

"निवडताना सगळा विचार केला होता आम्ही."

"चष्मा निवडायला गेलात आणि ज्याला घालायचा त्याला घरी ठेवलंत."

मालक हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले. मॅनेजरचा आवाज बदलला. "कोठार झेपत नसेल तर स्वागतकक्षात खुर्ची रिकामी आहे. तिथे कार्डं नाहीत."

"बसेन. सही नाही करणार."

"पण सही तर लागते," मालक म्हणाले. "सहीशिवाय ते सिस्टीमवाले काम पुरं झालं असं धरत नाहीत."

"पुरं झालेलंच नाही. झालंय असं ज्यांना वाटतं त्यांनी करावी."

मालकांनी थोडा विचार केला आणि फॉर्म मॅनेजरकडे सरकवला. मॅनेजरने पेन उघडलं. वरचं वाक्य वाचलं, बहुधा पहिल्यांदाच. मावशीने एक्केचाळीस लिफ्टची यादी त्याच्यासमोर ठेवली. प्रत्येकीपुढे इमारत आणि किती मजले. तो मजल्यांचा रकाना वरून खाली वाचत गेला. पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.

"एकदा बघून घेतो," तो म्हणाला.

मालकांनी मावशीला विचारलं, "किती दिवस?"

"चार महिने. दर लिफ्टचं त्या त्या मेकॅनिकने स्वतः टाकायचं. पुढेही प्रत्येक खेपेला त्यालाच लिहिता आलं पाहिजे, आणि खोडता."

"दोन महिने घ्या."

"चार."

"तीन?"

"मी भाजी विकत नाहीये."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो."

सिस्टीमवाल्यांनी 'शेरा' नावाचा एक रकाना करून पाठवला, त्यात चाळीस अक्षरं मावायची. मावशीने तो परत पाठवला. चाळीस अक्षरांत ब्रेक मावत नाही, असं सोबत लिहून. दुसऱ्या खेपेला जागा भरपूर आली. आता मेकॅनिक खिडकीशी रांगेत उभे राहून एका बोटाने टाइप करतात. शिडीला एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागतात. मागचे कुरकुरतात, "ताई, तुम्हीच टाका ना त्याचं, आम्ही म्हातारे होऊ इथे." ती टाकत नाही. "लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी उतरले नव्हते," म्हणते.

स्वागतकक्षातली खुर्ची अजून रिकामी आहे आणि फॉर्म मालकांच्या टेबलावर कोराच आहे. तिसरा महिना संपत आला. दर सोमवारी मॅनेजर तळघरात उतरतो, मांडण्यांकडे बघत विचारतो, "झाली का सगळी?"

"एकशे एकतीस झाली. एक्क्याऐंशी राहिलीत," मावशी सांगते. मग त्याला जरा बाजूला व्हायला सांगते, कारण तो रांगेच्या आड येत असतो.