मेस्त्रींच्या चार पुरचुंड्या

धसईचे मेस्त्री गिऱ्हाइकाची आधी नखं बघायचे. गिटार घ्यायला आलेला माणूस ओट्यावर टेकतो न टेकतो तोच त्याला दोन्ही हात पुढे करायला लावत. उजव्या हाताची नखं तार छेडण्यापुरती वाढलेली हवीत, डाव्याची मुळापर्यंत कापलेली. तसं नसलं, की "या मग महिन्यानं" म्हणून ते पुन्हा रंधा मारायला लागत. मी शहापूरच्या शाळेत शिकवतो. मुलांची नखं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि मला या माणसानं नखांवरून दोनदा परत पाठवलं.

तरुणपणी ते मुंबईत वाद्यांच्या कारखान्यात होते. तो बंद पडला तसे गावी आले. पोटासाठी दारं-खिडक्या करत आणि वर्षाकाठी एखाददुसरी गिटार. तीही एकाच जातीची : तारा नायलॉनच्या, पण मान शास्त्रीय गिटारपेक्षा अरुंद आणि पेटी पातळ. दुकानात तिला क्रॉसओव्हर म्हणतात. मेस्त्री तिला 'मधली' म्हणत. "मोठी बोटांना झेपत नाय, लोखंडी तारंची बोटं कापते. तुमच्यासारख्या उशिरा जाग आलेल्यांना ही मधलीच बरी," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

कॉलेजात असल्यापासून मला गिटार शिकायची होती. ती हौस घेऊन मी दोन पावसाळे त्यांच्या ओट्यावर खेटे घातले. शहापूर ते मुरबाड एक बस, मुरबाड ते धसई दुसरी. दर खेपेला उत्तर एकच, "लाकूड अजून बसलं नाय." लाकूड कुठे बसायचं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर गिटार तयार झाली, तर तिच्या पुढच्या फळीवर करंगळीच्या नखाएवढी गाठ. मी म्हटलं, "मेस्त्री, एवढी दोन वर्षं थांबलो, बिनगाठीची फळी नव्हती का?"

"होती ना."

"मग?"

"ती आवाजाला बोदी होती, घुमतच नव्हती. तुमाला बघायची हाय का वाजवायची हाय, ते ठरवा आन् मग बोला."

नेताना त्यांनी एकच अट घातली. नको झाली तर त्यांच्याकडे आणून द्यायची, परस्पर विकायची नाही. मग पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. वर त्यांचं नाव नि फोन नंबर आधीच होता.

विकून मोकळं होणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दर वर्षी मिरगाच्या आधी कापडी पिशवी घेऊन ते गिऱ्हाइकांची घरं फिरत. ओलीनं लाकूड फुगतं, तारांचा ताण वाढतो, म्हणून खुंट्या पिळून तारा सैल करत आणि कोळशाची एक पुरचुंडी गिटारच्या खोक्यात ठेवत. ओल कोळशानं प्यावी, लाकडानं पिऊ नये. इथवर ठीक. पण तारा सैल करण्याआधी ते वाजवायला लावत. पहिल्या वर्षी मी कसंबसं काहीतरी वाजवलं. दुसऱ्या वर्षी तेवढंही आलं नाही. मेस्त्री माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, मास्तरांची बोटं काय उन्हाळी सुट्टीवर गेलीत?" ती हसली. मी हसलो नाही.

त्याच आठवड्यात मी फोनवर जाहिरात टाकली. पैशांची नड नव्हती. मेस्त्रींना जाऊन 'मला जमलं नाही' एवढं सांगायचं होतं, आणि तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं. आसनगावच्या, बँकेत असलेल्या एक बाई आल्या, दोन सूर छेडले, डोळे मिटले आणि गिटार घेऊन गेल्या. आतल्या कागदाची मला आठवणही झाली नाही.

पुढच्या ज्येष्ठात मेस्त्री दारात. मी म्हणालो, "मुलीनं नेली पुण्याला." माझ्या मुलीनं गिटारला कधी हात लावलेला नाही.

"बरं झालं. डाव्या हाताची नखं कापते ना?"

"कापते."

"मंग ही पुरचुंडी तिला धाडा."

मी ती घेतली. पुढची तीन वर्षं पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तसंच शांतपणे चहा पिणं. माझं डोकं उठायचं. वाटायचं, दोन बस बदलून हा माणूस मला छळायलाच येतो. बायको म्हणायची, "सांगून टाका हो एकदा. त्यांच्यापुढे कप ठेवताना मलाच चोरट्यासारखं होतं." चार वर्षांत कपाटात चार पुरचुंड्या झाल्या.

पाचव्या वर्षी ते आले नाहीत. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग चैन पडेना. मिरग लागला तसा मीच धसईला गेलो. मेस्त्री खाटेवर गुडघ्यांना फडकी बांधून बसले होते. समोरच्या फळकुटावर एक गिटार होती. गाठ दिसली आणि मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"या मास्तर. आसनगावच्या बाईंची हाय. मानेत बारीक खरखर होती."

"त्या तुमच्याकडे कधीपासून येतात?"

"पाच वरसं झाली. आत नंबर हाय ना माझा."

म्हणजे पहिल्या खोट्याच्या वेळीच त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "मी विकली, मेस्त्री. मला वाजवता येत नव्हतं, ते तुम्हाला सांगायची लाज वाटली."

"हां," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

माझाच आवाज चढला. "मग दर वर्षी मला पुरचुंडी कशाला देत होतात?"

"तुमी घेत होतात म्हनून."

मी पेटीत वाकून पाहिलं. कागदावर माझं नाव होतं, त्याखाली बाईंचं. "माझं नाव खोडलं नाहीत?"

"पयली तुमीच नेली ना? ते काय खोटं हाय?" मग त्यांनी खाटेखालून ती कापडी पिशवी ओढली. आत पुरचुंड्या आणि अकरा घरांचे पत्ते. "मला आता बस चढवत नाय. खुंट्या पिळायला तर येतात ना तुमाला?"

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. काम दिलं. पुढच्या वर्षी मेस्त्री गेले आणि पिशवी माझ्याकडेच राहिली.

आता दर ज्येष्ठात मी अकरा घरं फिरतो. लोक दार उघडताना कंटाळतात, ते मला दिसतं. आसनगाव मी मुद्दाम शेवटी ठेवतो. यंदा बाईंनी दहा मिनिटं वाजवलं. मी गाठीकडे बघत ऐकलं, मग एकेक तार सैल केली, पुरचुंडी ठेवली आणि उठलो. चपला घालता घालता तोंडातून गेलंच,

"बाई, डाव्या हाताची नखं वाढलीत."

"तुम्हीसुद्धा सुरू झालात का, मास्तर?" त्या वैतागून म्हणाल्या आणि नेलकटर शोधायला आत गेल्या.