आधी हात, मग पाय

आमच्या अल्बमवर संत्यानं वाजवलेला एकही ठोका नाही.

कव्हरवर "ड्रम्स : संतोष" असं छापलंय. ते खोटं आहे. आणि ते मी छापलंय.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

संत्या साताऱ्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होता. आठवडाभर पत्र्याचे वॉशर पाडायचे, आणि सुट्टीला एसटीनं सांगलीला, विश्रामबागेत माझ्या खोलीवर. तिथं आमचा पहिला इंडस्ट्रियल मेटल अल्बम चालला होता. जड गिटार, कॉम्प्युटर आणि कारखान्याची धडधड. प्रेसचा आवाजही त्यानंच मोबाइलवर टिपून आणलेला.

अडचण एकच. बेस ड्रमवर त्याचा पाय कायम केसभर उशिरा पडायचा.

"संत्या, जरा लवकर मार की रं!"

"जमत न्हाई गड्या. प्रेसवर आधी हात बाहेर, मग पेडलवर पाय. आण्णांनी शिकवलंय."

आण्णा म्हणजे त्याचे वडील. तसल्याच प्रेसखाली त्यांची दोन बोटं गेलीत.

मी हसलो होतो. लाज वाटते आता.

मग त्याला न विचारता त्याच्या वाजवण्याची सगळी रेकॉर्डिंग, सगळे टेक, अल्बममधून काढले आणि ड्रम कॉम्प्युटरवर बसवले. एकदम टाइट. त्याला म्हणालो, "तुझंच आहे, थोडं साफ केलंय."

त्यानं हेडफोन लावून अख्खा अल्बम ऐकला.

"लय भारी झालंय," म्हणाला. हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

पुन्हा ड्रमवर बसला नाही. "शिफ्ट हाय रं," एवढंच. मला कळत होतं हो! पण माझ्याच्यानं फोन झाला नाही. शेवटी फोन आला तो त्याच्या हार्ट अटॅकचा.

आज वर्षश्राद्धाला साताऱ्यात त्याच्या घरी गेलो. आण्णा म्हणाले, "पोराचं वाजवणं ऐकव की."

आणि मी निर्लज्जासारखा अल्बमच लावला.

पहिलं गाणं संपायच्या आत आण्णांनी मान हलवली.

"ह्यो संत्या न्हाई. ह्याचा पाय आदी पडतोय. बोटं जातील ह्याची."

तिथंच सगळं सांगून टाकलं. जुने टेक मी पुसले नव्हते, तेवढीच अक्कल. ते लावले.

आण्णांचा पाय फरशीवर हलायला लागला. केसभर उशिरा.

"व्हय," म्हणाले. "ह्यो आमचा."

संत्या, अल्बमवर तुझे ड्रम परत बसवतोय. पाय जिथं पडलाय तिथंच ठेवतो.

माफ कर गड्या.